सातवा ठिपका

"सर, चाक आवळा! एवढ्या जोरात नाही!"

मी ओरडले आणि माझं मलाच नवल वाटलं. सातवीतली मुलगी, त्यातून मी, चक्क वाघमोडे सरांवर ओरडते! पण सरांनी मुकाट्यानं सलाईनच्या नळीचं चाक आवळलं. धार तुटली आणि टँकमधलं पाणी खालच्या बादलीत पुन्हा थेंब थेंब पडायला लागलं.

"आता बरोबर?"

"आता बरोबर. तासभर तरी असंच ठेवायचं."

"तासभर? माझा आठवीचा तास आहे गं."

"मग तुम्ही जा की. मी बघते."

सर हसले. ते सांगोल्याकडचे. आमच्या गावात येईपर्यंत त्यांनी समुद्र दोनदाच बघितला होता आणि होडीत बसल्यावर एकदा उलटी केली होती. पण सरकारी योजनेतून आलेला शाळेचा फिशटँक सहा महिने रिकामा पडलेला बघून त्यांनीच वर्गात विचारलं होतं, "तुम्ही सगळी दर्याची पोरं. हा टँक खाऱ्या पाण्यानं भरायची कुणात धमक आहे का?" आणि माझा हात वर गेला होता. तोंड उघडायचं नव्हतं ना, हात तर वर करायचा होता!

कारण बोलण्याचं आणि माझं वाकडं होतं. पाचवीत पंधरा ऑगस्टला मला भाषणाला उभं केलं होतं. "सन्माननीय" या शब्दातच मी अडकले ते अडकलेच. समोर सगळं गाव. शेवटी आई उठून आली, माझा हात धरला आणि मला खाली घेऊन गेली. आई आमच्याच शाळेत खिचडी करते. त्यामुळे झालं ते शाळेलाही कळलं आणि घरालाही, दोनदा सांगायला लागलं नाही. त्यानंतर दीड वर्ष मी वर्गात "हजर" सोडून काही बोलले नव्हते.

टँकनं मला बोलतं केलं. पाणी किती बदलायचं, शंखातला खेकडा शंख का बदलतो, काचेवरचं शेवाळ कुठलं चांगलं नि कुठलं वाईट, हे सगळं विचारायला सर माझ्याकडे यायला लागले. मग त्यांनी दर शनिवारी शेवटच्या तासाला मला दहा मिनिटं दिली. आधी मी टँककडे तोंड करून बोलायचे, वर्गाकडे पाठ. मग हळूहळू वळले. प्रयोगशाळेच्या खिडकीसमोरच स्वयंपाकाची खोली आहे. मी बोलायला लागले की तिथला पळीचा आवाज थांबायचा, हे दुर्वा गिरकरनं मला सांगितलं होतं. दुर्वा माझी मैत्रीण. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

तर त्या बुधवारी सकाळी बाबा समुद्रावरून तडक शाळेत आले होते. अंगावरून पाणी गळतंय, हातात बादली.

"घे गो बाये, तुझ्या टँकाक पावणो इलो."

बादलीत समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव. जाळ्यात एक शंख आला होता, त्यावरून सुटून पडलेलं. मिटून चिकूएवढं झालं होतं, तसंच तपकिरी. दुर्वा म्हणाली, "शी! हे फूल?" मी म्हटलं, "थांब. आधी त्याला फुलावंसं वाटू तर दे."

वाटू देणं म्हणजेच सगळं काम होतं. टँकमधलं पाणी उडून उडून थोडं जास्त खारट होतं. मी जिभेनं सांगितलं, मग सरांनी काचेची तरंगती नळी टाकून मोजलं आणि ते खरं निघालं. एकदम त्या पाण्यात टाकलं असतं तर ते आकसून मेलं असतं. म्हणून सलाईनची नळी. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडून न वापरलेली मागून आणली होती. तासाभरानं मी पाण्याची मोटर बंद केली, तिच्या तोंडाला जुन्या जाळीचा तुकडा बांधला, आणि ओंजळीतून ते फूल मोठ्या दगडासमोरच्या खळग्यात सोडलं. दाबलं नाही, चिकटवलं नाही. नुसतं सोडलं.

मग पाटी लिहिली: 'हात लावू नये. कोणीही. सरांनीसुद्धा.'

"हे शेवटचं मला उद्देशून आहे का?" सर म्हणाले.

"हो."

सोमवारी आमच्या शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. सरांनी तिथल्या तिथे ठरवलं की आमचा प्रयोग हाच. समुद्रफूल आपली जागा आपण शोधतं का? शोधतं तर कशी? ते चालतं, बरं का! पायानं. त्याला एकच पाय असतो, तळव्यासारखा चपटा, आणि त्याच्यावर ते गोगलगायीपेक्षाही हळू सरकतं. जागा आवडेपर्यंत. तोवर कुणी ओढलं तर तो पाय फाटतो, आणि फाटला की बहुतेक वेळा ते वाचत नाही. सरांनी हे फोनवर वाचलं होतं, मी घरी येऊन जसंच्या तसं आईला ऐकवलं होतं. शब्द नि शब्द. पुढं मला तेच सारखं आठवत राहिलं.

ते जिथं असेल तिथं काचेवर मार्करनं लाल ठिपका काढायचा, शेजारी वार आणि वेळ. बुधवारी एक. गुरुवारी सकाळी दुसरा, खळग्यातून बाहेर. दुपारी तिसरा. शुक्रवारी दोन, दगडाच्या कडेकडेनं. तपकिरी चिकू आता उघडायला लागला होता. टोकांना जांभळी झाक असलेल्या लांब बोटांची बशी! दुर्वासुद्धा म्हणाली, "बरं आहे गं."

आणि शनिवारी सकाळी ते गायब.

मी टँकच्या मागे जाऊन भिंतीला गाल घासत बघितलं. मोठ्या दगडाच्या पाठीमागे, जिथं दिवा पोचत नाही अशा फटीत ते बसलं होतं. चांगलं घट्ट, फुगून. सहावा ठिपका मी काचेच्या बाजूच्या अंगाला काढला.

"आता सोमवारी लोकांना काय दाखवणार?" दुर्वा म्हणाली. "दगड? 'हा बघा दगड, याच्या मागे एक फूल आहे, आमच्यावर विश्वास ठेवा.'"

सर डोकं खाजवत उभे होते. "दगड जरासा फिरवला तर?"

मी पाटीकडे बोट दाखवलं.

"बरं, बरं. तुझा प्रयोग, तू ठरव."

आणि मी ठरवलं. आजही मला तो क्षण आठवला की मान ताठ होते. मी म्हटलं, "ते आहे तिथंच राहील. मी ठिपके दाखवीन आणि बोलेन. त्यानं मागची जागा निवडली, हेच तर उत्तर आहे ना, सर?"

सरांनी टाळी दिली. सरांनी! मला!

संध्याकाळी पडवीत आई जाळं दुरुस्त करत बसली होती. मांडीवर नवीन निळ्या धाग्याचं रीळ. आई डावखुरी. तिची गाठ सगळ्या वाडीच्या उलट बसते. बाबा दरवेळी चिडवतात, "ह्या जाळ्यात मासो शिरलो तर तेका कळूचा नाय, खंयच्या बाजून मराचा ता!" आणि आई दरवेळी म्हणते, "तरी मरता मा?"

मी तिला सगळं सांगितलं. गायब झाल्याचं, सरांच्या टाळीचं.

आईचे हात थांबले. "मगे लोकांका काय दाखवतलंस?"

"ठिपके दाखवतलंय. आणि बोलतलंय."

"रिकाम्या दगडाफुडे?"

"हो! ऐकवू काय भाषण? पाठ झालाहा."

आईनं दातानं धागा तोडला. माझ्याकडे न बघताच ऐकणं उद्यावर ढकललं. "फाल्या ऐकतंय. आज हाताक काम आसा."

रविवारी मी सकाळीच शाळेत जायला निघाले, तर आईनं दारातच अडवलं. प्रदर्शनाला तालुक्यातनं माणसं येणार, तिला मोठी पातेली घासायला जायचंच होतं, किल्ली तिच्याकडेच होती. "मी बघून येतंय. तू भाषण पाठ कर." दुपारी ती परत आली तेव्हा मी धावत पुढे गेले.

"थंयच आसा," आई म्हणाली. "दगडामागे."

त्या दिवशीही भाषण ऐकायचं राहून गेलं.

सोमवारी मी पहिली पोचले असं मला वाटलं होतं, पण स्वयंपाकखोलीतून धूर येत होता, म्हणजे आई पोचली होती. प्रयोगशाळेचं दार उघडलं, दिवा लावला आणि मी अशी किंचाळले की सर आवारातल्या आपल्या खोलीतून चप्पल न घालता धावत आले.

समुद्रफूल पुढे! अगदी पुढे, मोठ्या दगडाच्या दर्शनी अंगावर, बरोबर मधोमध. पूर्ण उघडलेलं नव्हतं, बोटं जरा आखडलेली होती, पण पुढे!

"तुझं ऐकलं बघ त्यानं," सर म्हणाले. "पाहुणे येणार म्हटल्यावर नटून आलं की!"

"रात्रीतून चाललं, सर! एवढं!"

मी मार्कर घेतला. सातवा ठिपका. सोमवार, सकाळी सव्वासात. आणि आनंदाच्या भरात सहाव्यापासून सातव्यापर्यंत मी तुटक रेघ काढली. ती वाट मी बघितली नव्हती. कुणीच बघितली नव्हती. तरी काढली.

मग काय बोलले मी! दहा शाळांची पोरं, त्यांचे शिक्षक, आणि दोन परीक्षक. मी थेंब थेंब पाण्याचं सांगितलं, जिभेनं ओळखलेल्या खारटपणाचं सांगितलं, एका पायाचं सांगितलं. 'सन्माननीय' हा शब्द मुद्दाम घातला, दोनदा. न अडखळता!

चष्मेवाल्या परीक्षक बाई वाकून ठिपके बघत होत्या. "सहाव्या आणि सातव्याच्या मधली नोंद नाही?"

"रविवार होता, बाई. पण ते तिथंच होतं, माझ्या आईनं बघितलंय."

"आणि त्याला कुणी हलवलं नाही हे कशावरून?"

मी छाती काढून म्हटलं, "इथं हात लावायचा नाही असं ठरलंय, बाई. आणि आमच्यातलं कुणी खोटं वागणार नाही. त्यानं ही जागा स्वतः निवडलीय."

पहिला नंबर. जिल्ह्याला जायचं. दुर्वानं मला उचललं आणि दोघी पडलो. दारात आई उभी होती, हातात पळी, पदरानं डोळे पुसत. मी तिला जाऊन अशी मिठी मारली की पळी माझ्या पाठीत रुतली.

"बोललंस मा गो!" आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "कसा बोललंस!"

मंगळवारी समुद्रफुलाचं तोंड उघडं राहिलेलं होतं. तोंड मधोमध असतं, आणि ते घट्ट मिटलेलं असावं लागतं. मी पाणी बदललं. बुधवारी बोटं लोंबायला लागली आणि गुरुवारी सकाळी दार उघडल्याबरोबर वास आला. कुजक्या माशाच्या वासाचं समुद्राकाठच्या माणसाला काही वाटत नाही, पण हा वास मला वेगळा कळला.

"काढायला लागेल," सर हळू आवाजात म्हणाले. "नाहीतर सगळा टँक जाईल. मी काढू?"

"नको. मी काढते."

ते ओढावं लागलंच नाही. बोट लावल्याबरोबर दगडावरून सुटलं. उलटं केलं तर तळवा अर्धाच होता. उरलेली कड फाटलेली, पांढरी. मला कळेना. मग दगड उचलून फिरवला, तर मागच्या फटीत, सहाव्या ठिपक्याच्या समोर, बोटभर तपकिरी साल अजून चिकटून होती. घट्ट. ज्या जागेला त्यानं धरलं होतं, तिथं तेवढं अजून धरूनच होतं.

"म्हणजे कुणीतरी..." दुर्वा म्हणाली आणि एकदम सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा पडला. "मी नाही गं. आईची शपथ, मी नाही."

मी खरंच दोन क्षण सरांवर संशय घेतला. मग दगडाच्या बुडाशी माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. निळा धागा. करंगळीच्या नखाएवढा, दगडाच्या खाचेत अडकलेला. बारीक जाळीचा तुकडा फुलावरून घालून दगडाला बांधलेला असणार, ते चिकटेपर्यंत. मग कापून काढून घेतलेला. सगळा निघाला, एवढी एक गाठ राहिली.

गाठ उलटी बसलेली होती.

"काय सापडलं?" सर म्हणाले.

"काही नाही." मी मूठ मिटली.

स्वयंपाकखोलीत आई मोठ्या पातेल्यात तांदूळ टाकत होती. मी तिच्यासमोर मूठ उघडली. तिनं बघितलं. 'ह्या काय' असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं ते कुठं सापडला एवढंच. "खंय गावला?"

"तूच काढलंस तेका?"

"हळू काढलंय गो. खडकावरची कालवां काढतंय तसा, कोयतेच्या टोकान. एका बाजूक वायच फाटला. माका वाटला, भरतला."

"मी सांगलेलंय मा तुका, पाय फाटलो तर मरता म्हणान!"

आई तांदूळ टाकत राहिली.

"आणि आयतवारी माका सांगलंस, थंयच आसा."

"मगे काय सांगू?" आता ती वळली. तिचे डोळे लाल होते, पण धुरानंही असतील. "इतकी माणसा येवची होती. तू त्या रिकाम्या दगडाफुडे उभा रवान काय बोलतलंस? पाचवीतला माका आठावता. तू थंय उभा, आणि सगळी हसतत. माका परत ता बघूचा नव्हता. एका दर्यातल्या किड्यासाठी माझा चेडू गप रवतला?"

घरी मी मालवणीच बोलते. पण त्या वेळी माझ्या तोंडातून शाळेतलं मराठी बाहेर आलं, परक्या माणसाशी बोलावं तसं.

"मी बोलले असते, आई. फूल नसतं तरी बोलले असते."

आईनं पळी खाली ठेवली. माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं.

"खरा?" तिनं विचारलं.

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. इतके शनिवार ती पळी थांबवून खिडकीतून ऐकत होती. मला वाटायचं, कौतुकानं. ती दर शनिवारी मी अडखळायची वाट बघत होती. धावत यायला, हात धरून खाली न्यायला तयार.

मी मूठ पुन्हा मिटली आणि बाहेर पडले.

सरांना मी एवढंच सांगितलं की फूल हलवलेलं होतं, म्हणून आपण जिल्ह्याला जायचं नाही. "कुणी?" सरांनी विचारलं. मी मान खाली घातली. सरांनी माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं, खिडकीपलीकडच्या धुराकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तालुक्याला पत्र लिहिलं.

शनिवारी माझी दहा मिनिटं होती. मी ओलं फडकं घेतलं आणि वर्गासमोर सातवा ठिपका पुसला. तुटक रेघही पुसली. मग वर्गाकडे तोंड करून उभी राहिले. मागे टँक, टँकमध्ये दगड, दगडावर काही नाही. समोरच्या खोलीतला पळीचा आवाज थांबला.

मी बोलले. सगळं. फूल आपल्या जागी कसं बसलं होतं, ते कसं सोलून काढलं, जाळीखाली कसं बांधलं, आणि त्या सातव्या ठिपक्यापर्यंत मी स्वतः रेघ कशी ओढली. एकाही शब्दाला अडखळले नाही. नाव तेवढं घेतलं नाही. दहा मिनिटं झाली, घंटा वाजली, पोरं उठली, तरी पळीचा आवाज काही सुरू झाला नाही.

आता मी दहावीत आहे. वक्तृत्वाचे चार करंडक आमच्या घरात टीव्हीवर आहेत, पाचवा ठेवायला जागा नाही म्हणून फ्रिजवर आहे. आई ते रोज पुसते. आम्ही बोलतो, हसतो, बाबांना मिळून चिडवतो. तिच्या हातचं कालवांचं कालवण मी दोनदा मागून घेते.

पण स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती पडवीत जाळं घेऊन बसते, हातातलं काम बाजूला ठेवते आणि म्हणते, "ऐकव मगे माका. बघू कसा बोलतलंस ता."

मी कागदाची घडी घालते.

"फाल्या," मी म्हणते.